मुंब्र्याची खाडी बघायची तर

डोंबिवलीहून सीएसएमटीला नोकरीसाठी जाते, त्याला यंदा सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत लोकलमध्ये मी मटार सोलले, मुलाच्या शाळेचे फॉर्म भरले, डुलक्या काढल्या, पुढे मोबाइलवर ऑफिसचे मेल वाचले. वाटेतली मुंब्र्याची खाडी कधी बघितली नाही. गेल्या पावसाळ्यानंतर आईला तपासणीसाठी मुंबईला घेऊन निघाले होते. आई मालवणची. मुंब्रा सुटलं तसा तिने माझा हात दाबला, "भरती इली बघ गो." मान वर केली तर पाणी तिवरांच्या फांद्यांपर्यंत चढलेलं, त्यावर कोवळं ऊन. आईला एका फेरीत दिसलं ते मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं. तेव्हापासून जे करते ते सांगते.

आधी फास्ट लोकलवाल्यांसाठी. 2022 पर्यंत फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. 1916 चा हा बोगदा साधारण 1.3 किलोमीटरचा, खिडकीत नुसता अंधार. 2022 च्या फेब्रुवारीत ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली आणि फास्ट लोकलही मुंब्रा-कळव्याच्या बाजूने जाऊ लागल्या. त्यामुळे आता लोकल कुठलीही पकडा, खाडी वाटेत आहेच.

दिवा गेलं की मोबाइल पर्समध्ये टाकायचा आणि चेन लावायची. हातात ठेवला तर बोट आपोआप स्क्रीनवर जातं. ठाण्याकडे जाताना खाडी उजव्या हाताला, डावीकडे पारसिकचा डोंगर आणि त्यावर मुंब्रादेवीचं देऊळ. विंडो मिळाली तर उत्तम, नाहीतर चौथ्या सीटवरूनही दिसतं, उभ्याने आतल्या पॅसेजमधूनही दिसतं. दारातून मात्र बघू नका. 9 जून 2025 ला याच मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली, जीव गेले. त्या दिवशी आमच्या डब्यात कुणी बोलत नव्हतं.

आता आईची युक्ती. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती. तृतीयेला सव्वादोन, त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वाआठलाच, ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून हे गणित बसतं. मुंब्र्यापर्यंत आत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढं धरून चालायचं. माझी गाडी आठच्या सुमाराची, त्यामुळे एकादशीला भरलेली खाडी आणि तृतीयेला चिखल, हे मला आता घरूनच ठाऊक असतं. तिथी माहीत असली की बघण्यात जीव येतो. आज पाणी कुठवर असेल याचा अंदाज बांधून निघते आणि मुंब्र्याजवळचं रेतीबंदर आलं की ताडून बघते.

ओहोटीला कंटाळू नका. चिखलात पाणी उतरताना नागमोडी रेघा उठतात, त्या ओल्या असेपर्यंत चांदीसारख्या चमकतात. बगळे एकेक पाय उचलत, थांबत चालतात. आषाढ-श्रावणात मात्र मी डावीकडे वळते, डोंगरावरून पांढरे ओहोळ उतरत असतात.

फोटो काढत बसू नका. दिवा ते कळवा जेमतेम दहा मिनिटं, ती फ्रेम लावण्यात जातात. आणि रोज जमेलच असंही नाही. महिनाअखेरीला माझ्या डोक्यात हिशेबच असतात, अशा दिवशी मी स्वतःला बोल लावत नाही. शेजारणीला मात्र एकदा सांगून ठेवा. आमच्या ग्रुपमधली एक आता मुंब्रा आलं की कोपराने ढोसते.

संध्याकाळी आईला फोन करते. तिला आधी तिथी सांगावी लागते.

"आज तृतीया."

"म्हंजे चिखल."

चिखलच होता, आणि त्यात अकरा बगळे.