शेवंतीला अंधार द्या

शेवंती नुसती पानंच काढतेय? खत वाढवू नका. आधी रात्री गच्चीत जाऊन बघा, कुंडीवर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडतो का. शेवंती रात्रीची लांबी मोजते, तीही पानांनी; मध्यरात्री थोडा वेळ उजेड पडला तरी तिचा हिशेब चुकतो. फुलं उशिरा यावीत म्हणून फूलशेतीवाले रात्री बल्ब लावतात, ते यासाठीच.

मी संध्याकाळी ६ वाजता जाड काळ्या कापडाने कुंडी झाकते, सकाळी ८ ला काढते. झाला १४ तासांचा अंधार. कापड पानांना टेकू नये म्हणून कडेने काठ्या रोवायच्या. रोज, न चुकता, अगदी घरी पाहुणे असले तरी! शेंडे खुडायचे असतील तर झाकायला लागण्याआधीच खुडा. तीन-चार आठवड्यांत शेंड्याला हिरव्या मण्यांसारख्या कळ्या दिसतात. त्यांना रंग चढला की झाकणं बंद.