नोटेशनमधले स्वर गायब होतात तेव्हा: या चुका टाळा

नोटेशनच्या, म्हणजे संगीत लिहून काढायच्या प्रोग्रॅमबद्दल 'सॉफ्टवेअरने माझे स्वर खाल्ले' अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी एकच विचारतो, नक्की कुठून गेले? प्रिंटमध्ये न येणारी नोट, स्क्रीनवरून नाहीशी झालेली नोट आणि दिसते पण वाजत नाही अशी नोट, ही तीन वेगळी दुखणी आहेत. बहुतेक जण हे न बघताच सगळं पुन्हा टाइप करायला बसतात. मूळ कारण तसंच राहतं, आणि पुढच्या पानावर पुन्हा तेच होतं.

खरोखर पुसल्या गेलेल्या नोट्स बहुतेक वेळा आपल्याच हाताने जातात. मजकूर लिहिताना मध्ये एक अक्षर घातलं की पुढचं सगळं सरकतं. म्यूझस्कोअर या नोटेशन प्रोग्रॅमच्या नेहमीच्या इनपुटमध्ये तसं होत नाही. बारची, म्हणजे दोन उभ्या रेषांमधल्या भागाची, लांबी ठरलेली असते, म्हणून नवा स्वर जुन्याच्या जागी बसतो. चार क्वार्टर (एकेका मात्रेच्या) नोट्सचा बार घ्या. पहिली निवडून हाफ (दोन मात्रांची) केली की दुसरी गेली. चूक लक्षात आल्यावर तिला पुन्हा क्वार्टर केलं तरी दुसरी परत येत नाही, तिथे रेस्ट, म्हणजे शांततेचं चिन्ह, येऊन बसतो. अशा वेळी लांबी बदलत बसू नका, कंट्रोल-झेड दाबा. आणि लगेच दाबा, वीस गोष्टी करून झाल्यावर नाही.

यावर हमखास सांगितला जाणारा उपाय म्हणजे इन्सर्ट मोड, नवा स्वर घातला की पुढचे सरकवणारी पद्धत. डोरिको या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तो 'आय' दाबून सुरू होतो, म्यूझस्कोअरमध्येही आहे. नवशिक्यांनी मात्र त्याच्यापासून दूरच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. म्यूझस्कोअरमध्ये त्याने बारच लांब होतो आणि वर छोटं अधिकचं चिन्ह दिसतं. घाईत ते कुणी बघत नाही, आणि मग एका बारमध्ये पाच मात्रा का, हे शोधण्यात संध्याकाळ जाते. मी साधी पद्धत वापरतो: आधी रिकामा बार घालायचा, पुढचा तुकडा कट करून तिकडे हलवायचा, मग मोकळ्या जागेत लिहायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण नोट एकही जात नाही.

नोट्स नाहीशा होण्याचं दुसरं कारण व्हॉइस, म्हणजे एकाच स्टाफवर (पाच रेषांच्या पट्टीवर) लिहिलेल्या वेगवेगळ्या ओळी, आणि याने मी सगळ्यात जास्त लोकांना रडकुंडीला आलेलं पाहिलंय. एका तरुण संगीतकाराने स्ट्रिंग्जसाठी रचना केली होती. व्हायोलांच्या दोन ओळी एकाच स्टाफवर होत्या, वरची व्हॉइस १ मध्ये, खालची व्हॉइस २ मध्ये. सुरुवातीचा भाग शेवटी पुन्हा यायचा होता, म्हणून त्याने तो कॉपी करून चिकटवला. प्लेबॅकमध्ये इतकी वाद्यं एकत्र वाजत होती की काही खटकलं नाही. तालमीत त्या जागी आल्यावर व्हायोलावाले थांबले. आम्ही दोघं, आणि ओळ एकच? त्याने रात्री बसून खालची ओळ हाताने भरली. मग तोच भाग दुसऱ्या ठिकाणी कॉपी केला, तिथेही खालची ओळ गायब! फाइल बिघडली असं धरून त्याने प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकायची तयारी चालवली होती. मी सिलेक्शन फिल्टर, म्हणजे निवडीत काय काय धरायचं ते ठरवणारी यादी, उघडायला सांगितला. व्हॉइस २ ची खूण काढलेली होती. आधी कधीतरी फक्त वरची ओळ निवडण्यासाठी त्यानेच ती काढली होती आणि परत लावायची राहिली होती. तोवर प्रत्येक कॉपीतून अर्धं संगीत मागे राहत होतं.

म्हणून कॉपी करण्याआधी फिल्टरवर नजर टाका आणि चिकटवल्यावर पहिला व शेवटचा बार मूळ बाराशी ताडून पाहा. म्यूझस्कोअरमध्ये निवडलेली नोट व्हॉइस १ मध्ये निळी, २ मध्ये हिरवी, ३ मध्ये नारिंगी आणि ४ मध्ये जांभळी दिसते. हे रंग डोळ्यांत बसवा. एकाच व्हॉइसमध्ये दोन स्वतंत्र ताल कोंबायचा शॉर्टकट घेणाऱ्यांची दुसरी ओळ पहिलीला पुसते, आणि ते व्हायचंच.

स्क्रीनवर करडी दिसणारी नोट प्रिंटमध्ये येत नसेल, तर चुकून नोट लपवणारं 'व्ही' दाबलं गेलंय. नोट निवडून पुन्हा 'व्ही' दाबा.

अख्खा स्टाफच गायब झाला असेल, तर रिकामे स्टाफ लपवायची सेटिंग पाहा.

नोट दिसते पण वाजत नाही? आधी मिक्सर. एका वाद्यावर सोलो राहिला असेल तर बाकीची गप्प बसतात. मग वाद्याचा आवाका बघा; फार खाली किंवा वर गेलेल्या स्वराचा नमुना साउंडफॉन्टमध्ये, म्हणजे वाद्यांच्या आवाजांच्या फाइलमध्ये, नसू शकतो. आणि एकाच स्वराच्या दोन नोट्समध्ये स्लरऐवजी (सलग वाजवायच्या कमानीऐवजी) टाय (दोन्ही जोडून एकच लांब स्वर करणारी कमान) पडला असेल, तर दुसरी नोट वेगळी वाजणारच नाही. तिथे प्रोग्रॅम बरोबर आहे, लिहिणं चुकलंय.

शेवटचं, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जाताना मिडी वापरू नका. मिडीत स्वर कधी सुरू झाला आणि कधी थांबला एवढंच असतं, कागदावर तो कसा लिहिला होता हे नसतं. दुसरा प्रोग्रॅम ते अंदाजाने जुळवतो आणि त्यात बारीक नोट्स गळतात. म्युझिकएक्सएमएल वापरा, त्या फाइलमध्ये लिहिलेलं नोटेशनही साठतं. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले या जुन्या नोटेशन प्रोग्रॅमचा विकास थांबल्याचं जाहीर झालं. ज्यांच्या जुन्या रचना त्यात अडकल्या आहेत त्यांनी प्रोग्रॅम अजून उघडतोय तोवर सगळ्या फाइल्स याच स्वरूपात काढून ठेवा, आणि प्रत्येक फाइल नव्या प्रोग्रॅममध्ये उघडून मूळ प्रिंटशी बारनिहाय ताडून घ्या.