गावातील जुन्या वास्तूंसाठी नागरिक समिती कशी उभी करावी आणि कशी चालवावी

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर आणि सफा मशीद, खानापूर तालुक्यातील हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर किंवा देगावचे कमलनारायण मंदिर या वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहेत आणि कायद्याने संरक्षित आहेत. एखाद्या गावात वारसा जपण्यासाठी नवी समिती स्थापन होते, तेव्हा पहिला उत्साह बहुधा अशाच वास्तूंभोवती फिरतो. तेथे स्वच्छता मोहीम होते, छायाचित्रे निघतात आणि चार महिन्यांत काम थंडावते. माझ्या मते ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते. शहापूर-वडगावमधील कौलारू घरे, जुन्या बाजारपेठेतील लाकडी माडीची दुकाने, निपाणी-संकेश्वरकडील वाडे, खेड्यांतील पायऱ्यांच्या विहिरी, वेशी आणि मंदिरासमोर उघड्यावर पडलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, यांपैकी बहुतेकांचे नाव कोणत्याही सरकारी यादीत नाही. समितीने आपले बळ येथे लावावे.

समितीची रचना

कर्नाटकातील १९६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात सभासदांची संस्था नोंदवता येते. नोंदणी पहिल्या दिवशीच हवी असे नाही, परंतु देणगी घेण्यापूर्वी आणि सरकारी कार्यालयाशी पत्रव्यवहार सुरू करण्यापूर्वी ती झालेली असावी. पुढे दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि ताळेबंद निबंधकांकडे दाखल करावे लागतात. हे काम कोण करणार ते प्रारंभीच ठरवावे, कारण अनेक मंडळे कामाअभावी नव्हे तर कागदांअभावी बंद पडतात.

सभासद निवडताना पदापेक्षा उपयोग पाहावा. मोडी वाचू शकणारी एखादी व्यक्ती, चुन्याचे काम केलेला एक वयस्क गवंडी, एक सुतार, एक अभियंता किंवा वास्तुविशारद, कन्नडमध्ये नीट पत्र लिहू शकणारा एक जण आणि गल्लीतील प्रत्येक घरात सहज वावर असलेल्या दोन-तीन महिला एवढे बळ असले तर समिती उभी राहते. आपल्या भागातील वास्तू कोणा एका समाजाच्या नाहीत; बस्ती, मठ, मशीद, चर्च आणि वाडा एकमेकांच्या शेजारी उभे आहेत, तेव्हा सभासदही तसेच असावेत. सीमाप्रश्नाविषयी प्रत्येकाचे आपापले मत असणारच, पण त्यासाठी इतर व्यासपीठे आहेत. समितीच्या बैठकीत तो विषय शिरला की निम्मी घरे आपल्याला दार उघडत नाहीत, एवढे लक्षात घ्यावे.

यादी हेच मुख्य काम

घर पाडण्याची वार्ता कानावर येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून निवेदने आणि मोर्चे यांच्या आधी नोंदवही तयार करावी. एक गल्ली निवडावी, ती पूर्ण करावी आणि मगच दुसरीकडे वळावे. संपूर्ण गावाची यादी एकदम हाती घेतली तर ती अर्धवटच राहते. प्रत्येक वास्तूला स्वतंत्र पान द्यावे. त्यावर सिटी सर्व्हे क्रमांक, मालक आणि भाडेकरू, बांधकामाचे साहित्य, जोते, भिंती, तुळया व छप्पर यांची स्थिती, दर्शनी भागाची लांबी-उंची आणि चारही बाजूंची छायाचित्रे असावीत. सोपा, माजघर, माळा आणि परसू यांचा साधा आराखडा मोजपट्टीने मोजून काढावा. दर्शनी भागाचे छायाचित्र सर्वजण काढतात, पण घराची आतील मांडणी कोणी उतरवून ठेवत नाही आणि घर पडल्यावर नेमकी तीच कायमची नाहीशी होते.

वय लिहिताना संयम बाळगावा. ‘तीनशे वर्षांपूर्वीचे’ हे शब्द आपल्याकडे फार सहज उच्चारले जातात. त्याऐवजी पुरावा काय आहे ते लिहावे: चौकटीवर कोरलेला शक, खरेदीखत, वाटणीपत्र, देवघरातील तांब्याच्या भांड्यावरील सन. छपराची कौलेही काही सांगतात. मंगळूरजवळ बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्या छापाचे कौल असलेले छप्पर त्यापूर्वीचे असू शकत नाही. मात्र छप्पर नंतर बदललेले असण्याचा संभव असल्याने घराचे वय त्यावरून ठरवू नये. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते आणि शहापूर हे सांगली संस्थानात होते, हे ध्यानात ठेवून जुन्या कागदांचा शोध स्थानिक भूमापन कार्यालयाबरोबरच सांगली, कोल्हापूर आणि पुणे येथेही घ्यावा. १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील बेळगावचा खंड प्रत्येक समितीच्या कपाटात असावा. त्यातील गावनिहाय वर्णनांवरून कोणती वेस, कोणता तलाव, कोणते देऊळ त्या काळी होते याचा पडताळा घेता येतो.

शिलालेख किंवा वीरगळ आढळला तर तो जागचा हलवू नये, त्यावर तेल, खडू किंवा चुना लावू नये आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती पुन्हा कोरू तर मुळीच नये. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे, लांबी-रुंदी मोजावी, दगड कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहावे आणि तहसीलदार व पुरातत्त्व खात्याला पत्राने कळवावे. वस्तू जागेवरून गेली की तिचे आपल्याशी असलेले नाते किती सहज तुटते याचे उदाहरण घरचेच आहे: रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याच्या काळातील, इ.स. १२०४ मधील बेळगावच्या दानांची नोंद असलेले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

मालकाशी बोलणे

कोणतीही यादी करताना खरा प्रश्न मालकाच्या ओसरीवर येतो. जुन्या घरांत चार भावांचे सहा वाटेकरी झालेले असतात, त्यांपैकी दोघे पुण्या-मुंबईला, एखादा गोव्यात, आणि प्रत्यक्ष राहणाऱ्याला एकट्याच्या जोरावर दुरुस्ती परवडत नाही. अशा माणसाला वारशाचे महत्त्व सांगणे म्हणजे त्याच्या अडचणीवर व्याख्यान देणे होय. त्याची पहिली भीती अशी असते की यादीत नाव गेले की घर विकता येणार नाही. समितीची नोंद ही केवळ माहिती आहे, तिला कायद्याचे बळ नाही, हे स्पष्ट शब्दांत आणि शक्यतो लेखी सांगावे. घरातील छायाचित्रे मालकाच्या लेखी संमतीवाचून कोठेही देऊ नयेत. जुन्या मूर्ती, भांडी किंवा कोरीव देव्हारा यांची छायाचित्रे तर समितीच्या कपाटाबाहेर जाऊच नयेत, कारण चोरीचा धोका खरा आहे.

नंतर त्याला उपयोग होईल असे काहीतरी हाती ठेवावे. पाडून नवे बांधण्याच्या खर्चाची कल्पना त्याला कंत्राटदाराने दिलेली असते, दुरुस्तीच्या खर्चाची कल्पना मात्र कोणीच दिलेली नसते. समितीच्या अभियंत्याने आणि सुताराने मिळून घर पाहावे, कोणती तुळई बदलणे अटळ आहे, कोणती नुसती जोडून भागेल, कोणते काम यंदाच हवे आणि कोणते दोन वर्षांनी चालेल हे कागदावर मांडावे. घर पाडण्याचा विचार अनेकदा एका गळक्या कोपऱ्यापासून सुरू होतो, आणि तो कोपरा वेळीच दुरुस्त झाला तर पुढचा विचार मागे पडतो. सर्व वाटेकऱ्यांना तो कागद पाठवावा, कारण निर्णय एकाचा नसतो.

जीर्णोद्धाराचा प्रसंग

ग्रामीण भागात सर्वांत मोठी हानी दुर्लक्षाने नव्हे तर भक्तीने होते, असे म्हणण्याचे धाडस मी करतो. गावाकडे पैसा येतो, पंच कमिटी ठराव करते आणि कोरीव दगडी खांबांचे देऊळ उतरवून त्या जागी सिमेंटचे शिखर उभे राहते. जेथे देऊळ वाचते तेथे दगडावर ऑइल पेंट चढतो आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसते. वर्गणी गोळा होऊन पावत्या फाटल्यानंतर विरोध करणे निष्फळ असते, आणि गावाच्या दृष्टीने ते अपमानास्पदही ठरते. पंचांची भेट ठरावापूर्वीच घ्यावी, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतील यात्रा, वास्तुशांती आणि ग्रामसभा यांकडे समितीचे लक्ष असावे.

भेटीत ‘पाडू नका’ एवढेच सांगून थांबू नये. जुना गाभारा तसाच ठेवून समोर सभामंडप, बाजूला स्वयंपाकघर व प्रसादाची जागा, वर पावसासाठी भिंतींपासून अलग असलेले छप्पर असा पर्याय साध्या चित्रासह न्यावा. पंचांना गर्दीची सोय हवी असते आणि ती जुने देऊळ न मोडता करता येते. रंग लागलाच असेल तर तो घासकामाने किंवा वाळूच्या फवाऱ्याने काढू देऊ नये, त्याने दगडाचा वरचा थर आणि कोरीवकामाच्या कडा झिजतात. देवस्थान धर्मादाय खात्याच्या अखत्यारीतील असल्यास कामापूर्वी त्या खात्याची मंजुरी आहे का, हेही विचारावे, परंतु ते शेवटी. कायद्याची भाषा आधी काढली तर बोलणे तेथेच संपते.

कार्यालये आणि कागद

केंद्रीय संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरच्या पट्ट्यात पूर्वपरवानगी लागते. या पट्ट्यात जुन्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते, हे तेथील रहिवाशांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. समितीने ते सांगावे आणि अर्ज भरण्यास मदत करावी. किल्ल्याच्या भोवताली किंवा हलशीसारख्या गावात, जेथे लोकवस्ती देवळाला लागूनच आहे, तेथे हा नियम लोकांना जाचक वाटतो आणि त्यातूनच वास्तूविषयी राग निर्माण होतो. छावणी (कँटोन्मेंट) हद्दीतील बंगले आणि इमारतींसाठी मात्र महानगरपालिकेकडे नव्हे, तर छावणी मंडळाकडे जावे लागते.

रस्ता रुंदीकरणात किती घरांचे दर्शनी भाग जाणार आहेत, याची माहिती माहिती अधिकारात मागवता येते. शुल्क १० रुपये असून सामान्यतः ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून नकाशासाठी एक आणि ठरावासाठी दुसरा असे वेगवेगळे अर्ज करावेत. पत्रे कन्नडमध्ये द्यावीत, सोबत मराठी प्रत जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. नगराच्या महायोजनेचा (मास्टर प्लॅनचा) मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांची मुदत सुरू होते. त्या वेळी समितीची गल्लीवार यादी तयार असेल तर तिला वजन येते, नसेल तर आपले म्हणणे केवळ भावना म्हणून बाजूला ठेवले जाते.

पावसाचे वेळापत्रक

आपल्या पश्चिम पट्ट्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस धरून असतो आणि जुनी घरे पडतात ती त्याच काळात. त्यामुळे समितीचे वर्ष उन्हाळ्याने सुरू व्हावे. एप्रिल-मे महिन्यांत शाकारणी करावी, फुटकी कौले बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात, वासे आणि रिपांची वाळवी तपासावी. पावसाळ्यात मोठे काम काढू नये, फक्त कोठे पाणी झिरपते त्याची खूण करून ठेवावी. भिंतीतील पिंपळ किंवा उंबराचे रोप कोवळे असतानाच उपटावे. मुळे सांध्यांत शिरली असतील तर ओढू नये, खोड कापून मुळे मारावीत आणि वाळल्यावर सांधा चुन्याने भरावा.

जांभा आणि मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करू नये, हा नियम पाळण्यास सर्वांत अवघड आहे, कारण गवंडी सिमेंटच जाणतात. जांभा सच्छिद्र असतो. तो ओलावा घेतो आणि सोडतो. वरून सिमेंटचा घट्ट थर बसला की आतील पाणी कोंडते, क्षार साठतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यासकट, दगडाचा पृष्ठभाग घेऊन सुटतो. चुना पाण्यात विरवून किमान काही आठवडे मुरू द्यावा, वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिसळून मळावा, थर पातळ द्यावेत आणि भिंत बरेच दिवस ओलसर ठेवावी. पाऊस ओसरल्यानंतरचा काळ यासाठी चांगला. समितीने वर्षातून एकदा जाणत्या गवंड्याच्या हाताखाली चार तरुण गवंड्यांना एखाद्या पडक्या कुंपणभिंतीवर हे काम शिकवून घ्यावे, आणि त्यांना त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी.

जे वाचत नाही त्याचे काय

काही घरे प्रयत्न करूनही जातात. अशा वेळी मालकाशी भांडण न काढता आठवडाभराची मुदत मागावी, राहिलेली मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, कोरीव खांब व चौकटी विकणारच असतील तर त्याच गल्लीतील दुरुस्ती चाललेल्या घराला प्रथम विचारावे आणि शक असलेली पट्टी नव्या बांधकामात बसवण्याची विनंती करावी. नोंदवहीतील पान काढू नये, त्यावर पाडल्याची तारीख लिहावी. त्याहून निकडीचे काम शेजारी असते. गल्लीतील घरांच्या भिंती सामाईक असतात. एक घर गेले की शेजारच्या घराची इतकी वर्षे आत असलेली मातीची भिंत एकाएकी पावसाच्या तोंडी येते आणि त्याच पावसाळ्यात तेही घर धोकादायक ठरते. म्हणून पाडकाम ठरताच शेजाऱ्यास सावध करावे, पाडताना तुळया उपटून न काढता भिंतीलगत कापाव्यात असे ठेकेदाराकडून लिहून घ्यावे, आणि उघड्या पडलेल्या भिंतीला जूनपूर्वी चुन्याचा गिलावा किंवा तोपर्यंत निदान पत्र्याचा आडोसा मिळेल याची व्यवस्था समितीने स्वतःच्या निधीतून करावी.