अमेरिकेतल्या भुकेवरची संशोधन फेलोशिप: अर्ज कसा लिहावा

अशा फेलोशिपचा अर्ज हातात आला की मी पहिल्या पानावर एकच गोष्ट शोधते. या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर उद्या कोण काय वेगळं करणार? ते सापडलं नाही तर पुढची पानं कितीही देखणी असोत, माझा उत्साह ओसरलेला असतो.

मी इथे मिडवेस्टमध्ये सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते आणि अन्न-असुरक्षितता (म्हणजे घरात पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नसणं) आणि वांशिक समानता या विषयावरच्या अर्जांच्या छाननीत अधूनमधून बसते. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी), पोषणशास्त्र किंवा सोशल वर्क करणारी मराठी मुलंमुली फोन करून तेच ते विचारतात, म्हणून सगळं एकदा लिहून टाकते.

आधी आकडे, कारण सगळे अर्ज तिथूनच सुरू होतात. अमेरिकी कृषिखात्याच्या 2023 च्या अहवालानुसार देशातली 13.5 टक्के कुटुंबं अन्न-असुरक्षित होती. श्वेतवर्णीयांमध्ये हे प्रमाण 9.9 टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये 23.3 आणि हिस्पॅनिक कुटुंबांमध्ये 21.9. छाननी करणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. त्यावर एक वाक्य खर्च करा, परिच्छेद नको.

परिच्छेद खर्च करायचा तो ही दरी कुणी आणि कशी पाडली यावर. वंशामुळे कुणी उपाशी राहत नाही, वंश बघून घेतलेल्या निर्णयांमुळे राहतं. 1962 च्या हिवाळ्यात मिसिसिपीतल्या लेफ्लोर काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कारभाऱ्यांनी केंद्राकडून येणारं शिधावाटप बंद केलं, कारण तिथले कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीला पुढे येत होते. कृषिखात्याने कर्ज देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी भेदभाव केल्याच्या पिगफर्ड खटल्यात 1999 साली तडजोड झाली. 1930 च्या दशकात शहरांचे नकाशे रंगवून, रहिवाशांचा वंश बघून, कुठल्या वस्तीत कर्ज देणं धोक्याचं, हे ठरवलं गेलं. रिचमंड विद्यापीठाने ते नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. तुमचं शहर त्यात असेल तर आधी ते बघा. देशाचा इतिहास सगळेच लिहितात, तुम्ही तुमच्या काउंटीचा लिहा.

आता संशोधनाचा प्रश्न. इथे सगळ्यात जास्त वेळ घाला. ‘कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय कुटुंबांमधील पोषणविषयक जाणीव’ अशा धर्तीचे अर्ज दरवर्षी येतात. त्यात गृहीत असं की भुकेल्या माणसालाच काहीतरी कळत नाही. नजर उलटी फिरवा. समजा, एका काउंटीतल्या पँट्र्या, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणारी केंद्रं, मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहा ते दोन उघड्या असतात. गोदामात किंवा नर्सिंग होममध्ये पाळी करणारी बाई तिथे येणार कधी? गाडीतूनच खोकं घ्यायचं असा नियम असेल, तर गाडी नसलेल्याने काय करायचं? मग प्रश्न असा होतो: काही पँट्र्यांनी संध्याकाळची वेळ सुरू केली, तर पहिल्यांदाच येणाऱ्या कुटुंबांत कोणाचं प्रमाण वाढतं? काही पँट्र्या आधी बदलतील, काही सहा महिन्यांनी, म्हणजे तुलनाही आपोआप मिळते. असा प्रश्न वाचला की मी खुर्चीत सरसावून बसते, कारण याचं उत्तर हातात पडल्यावर वेळापत्रक बदलणारा माणूस त्या इमारतीतच बसलेला असतो.

त्या माणसापर्यंत अर्जाच्या आधी पोचायचं. फूड बँक आणि पँट्री यांत गल्लत करू नका. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. फीडिंग अमेरिकाच्या जाळ्यात अशा सुमारे 200 आहेत आणि त्या आपापल्या भागातल्या चर्च, शाळा, संस्था चालवत असलेल्या पँट्र्यांना माल पुरवतात. रांग असते ती पँट्रीसमोर. फूड बँकेत संलग्न संस्थांचं काम बघणारी व्यक्ती शोधा आणि तिला ‘डेटा मिळेल का’ असं पहिल्याच मेलमध्ये विचारू नका. ‘तुम्हाला कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय आणि शोधायला माणूस नाही?’ असं विचारा. मग दोन-चार शनिवारी खोकी भरायला जा. हे दिखाव्यासाठी नाही. नोंदणीच्या टेबलावर वंशाचा रकाना खरंच विचारून भरला जातो की चेहरा बघून, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि तुमचं सगळं विश्लेषण त्या रकान्यावर उभं राहणार असतं.

संस्थेच्या पाठिंब्याच्या पत्रात कौतुक नको, कबुली हवी: अमुक नोंदी देऊ, अमुक पँट्र्यांत वेळ बदलून बघू, अमुक व्यक्ती महिन्यातून इतके तास देईल. आणि त्या तासांचे पैसे तुमच्या अंदाजपत्रकात दिसले पाहिजेत. मुलाखत देणाऱ्यांना मानधन, येण्याजाण्याचा खर्च, दुभाषी, मुलं सांभाळायची सोय, सल्लागार गटात बसणाऱ्या रहिवाशांना तासाप्रमाणे मोबदला. समानतेवर पाच पानं लिहून रहिवाशांच्या नावापुढे शून्य डॉलर लिहिणारे अर्ज मी पाहिलेत. त्यावर वेगळं भाष्य करावं लागत नाही.

मोजमापाबद्दल थोडं तांत्रिक, पण इथे चांगले अर्ज घसरतात. कृषिखात्याने सप्टेंबर 2025 मध्ये अन्न-असुरक्षिततेवरचा आपला वार्षिक अहवाल बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे दरवर्षी तयार आकडे मिळतील या भरवशावर तीन वर्षांचा आराखडा बांधू नका. अन्न-असुरक्षितता मोजायची त्यांची प्रश्नावली मात्र कुठे जात नाही. 18 प्रश्नांची पूर्ण, मुलं नसलेल्या घरांसाठी त्यातले 10, आणि 6 प्रश्नांची छोटी. दवाखान्यात चाळणी लावायची असेल तर दोन प्रश्नांचीही आहे. काउंटीनिहाय आकड्यांसाठी सगळे फीडिंग अमेरिकाच्या ‘मॅप द मील गॅप’कडे धावतात. धावा, पण ते गणिती प्रारूपातून काढलेले अंदाज आहेत आणि त्या प्रारूपात गरिबी आणि बेरोजगारी आधीच घातलेली आहे. तेच आकडे घेऊन ‘गरिबीचा अन्न-असुरक्षिततेशी संबंध आढळला’ असं सिद्ध करू नका. आपणच आत ठेवलेलं आपल्यालाच सापडणार.

आशियाई रकान्याकडेही सावधपणे बघा. 2016 ते 2021 या वर्षांच्या सरकारी आकडेवारीत आशियाई कुटुंबांत अन्न-असुरक्षितता 5.4 टक्के, तर मूळ अमेरिकी आणि अलास्कातल्या मूळ रहिवाशांत 23.3 टक्के. त्या 5.4 मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि ओहायोतल्या कोलंबसमध्ये येऊन वसलेले भूतानी निर्वासित एकाच ओळीत बसतात. जुलै 2025 च्या कायद्याने निर्वासितांना स्नॅपच्या, म्हणजे अन्नखरेदीसाठीच्या सरकारी, मदतीतून वगळलं. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत नव्याने आलेली निर्वासित कुटुंबं काय करतात, पँट्रीवर किती भार येतो, हा आज कुणीतरी अभ्यासायलाच हवा असा प्रश्न आहे. तुम्हाला हिंदी येते, थोडी नेपाळी शिकायची तयारी आहे, तर हे तुमचं बलस्थान आहे. अर्जात ते संकोच न करता लिहा.

‘आपण भारतीय, या विषयावर अर्ज करावा का?’ हा प्रश्न हमखास येतो. करावा. अर्जदाराच्या वंशावर पात्रता बांधणं न्यायालयात टिकणं अवघड होत चाललंय, त्यामुळे बऱ्याच संस्था पात्रता विषयावर आणि अनुभवावर ठरवतात. स्वतःच्या भूमिकेबद्दलच्या निवेदनात जातीचा उल्लेख करायचा असेल तर एका वाक्यात करा, आणि तो सोसलेला अनुभव असेल तरच. वाचून आलेली कळकळ लगेच ओळखू येते.

कुठे शोधायचं? धोरण आणि प्रत्यक्ष काम दोन्ही हवं असेल तर काँग्रेशनल हंगर सेंटरची एमर्सन फेलोशिप बघा. त्यात आधी स्थानिक संस्थेत आणि मग वॉशिंग्टनमध्ये काम असतं. निव्वळ संशोधनासाठी रॉबर्ट वूड जॉन्सन फाउंडेशनचा हेल्दी ईटिंग रिसर्च हा कार्यक्रम. केंद्र सरकारच्या निधीत जानेवारी 2025 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांनंतर ‘समानता’ या शब्दालाच कात्री लागली आहे, त्यामुळे गेल्या वर्षीची जाहिरात वाचून बेत आखू नका. नागरिकत्वाची अट आहे का, हे सगळ्यात आधी वाचा.

मंजुऱ्यांना वेळ लागतो. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी लागतेच, पण मूळ अमेरिकी राष्ट्रांच्या भूमीवर काम असेल तर त्यांची वेगळी परवानगी लागते. नवाहो नेशनचं स्वतःचं मंडळ आहे आणि गोळा केलेल्या माहितीवरचा हक्क ते सोडत नाहीत, जे योग्यच आहे. हे महिने वेळापत्रकात धरा.

शेवटी पैशांचं, कारण हे कुणी सांगत नाही. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर स्टायपेंडच्या बदल्यात काम करावं लागणार आहे का, हे संस्थेकडून लेखी घ्या आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला अर्जाच्या आधी दाखवा. काम असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते. करासाठी अनिवासी असाल तर करपात्र स्टायपेंडमधून साधारणपणे 14 टक्के आधीच कापले जातात. निवासी असाल तर बहुतेक वेळा काहीच कापलं जात नाही, पूर्ण रक्कम खात्यात येते आणि माणूस खूश होतो. तो कर तुम्हालाच दर तिमाहीला भरायचा असतो: 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीची 15 जानेवारी.