मेसरश्मिट २६२ चं किट घेताना: तुलना कशी करावी

विमानाचं प्लास्टिकचं छोटं मॉडेल जोडायचे दोन किट शेजारी ठेवून 'कुठलं जास्त नक्षीदार' असं बघायची आपल्याला सवय असते. मेसरश्मिट २६२ च्या बाबतीत या सवयीने हमखास फसायला होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हे जर्मन लढाऊ विमान १८ जुलै १९४२ ला जर्मनीतल्या लाइपहाइमहून प्रथमच केवळ जेटच्या जोरावर उडालं. तुलना किटची किटशी न करता, प्रत्येक किटची खऱ्या विमानाशी करा.

आधी स्केल, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या किती पट लहान ते ठरवा. खऱ्या विमानाचा पंखविस्तार सुमारे साडेबारा मीटर. म्हणजे १:७२ मध्ये साधारण १७.४ सेंटिमीटर, १:४८ मध्ये २६ आणि १:३२ मध्ये ३९. कपाटात जागा किती, हे इथेच कळतं. स्प्रूवरचे (किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती) पंखाचे भाग पट्टीने मोजून या आकड्यांशी ताडून पाहा.

मग आकार. धडाच्या दोन्ही बाजू चिकटपट्टीने तात्पुरत्या जोडा आणि समोरून बघा. छेद त्रिकोणी दिसायला हवा, तळाशी रुंद आणि वर निमुळता. तो गोलसर झाला असेल तर पुढे कितीही कष्ट घ्या, शार्कसारखा तो तोरा येत नाही. पंख वरून बघा. पुढची कड सुमारे साडेअठरा अंश मागे झुकलेली असते. इंजिनं अपेक्षेपेक्षा जड निघाल्याने गुरुत्वमध्य सांभाळायला पंख असे मागे वळवावे लागले होते. इंजिनाच्या तोंडाशी इंजिन सुरू करणाऱ्या मोटरवरचा शंकू आणि मागे झोताच्या नळीतला कांद्याच्या आकाराचा भाग, हे दोन्ही वेगळे आणि नीट घडवलेले आहेत का तेही पाहा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या मॉडेलवरच्या कोरीव रेषा. खोल, ठसठशीत रेषांचं किट डब्यात फार देखणं वाटतं. पण खऱ्या विमानाचे पत्र्यांचे सांधे पुट्टीने भरून घासून घेत आणि वरून रंग देत. मार्च १९४५ च्या अखेरीस हान्स फाय या चाचणी वैमानिकाने एक विमान फ्रँकफर्टजवळ अमेरिकनांच्या हवाली केलं. त्याला रंगच लागला नव्हता. उघड्या धातूवर पुट्टीचे पट्टे त्याच्या फोटोंत स्पष्ट दिसतात. ते फोटो एकदा पाहा, मग किट बघायची नजरच बदलते. माझं मत स्पष्ट आहे: या विमानासाठी उथळ रेषांचं किट चांगलं. रेषा खोल असतील तर त्या भरून घासायला दोन-तीन संध्याकाळी जातील, असं धरूनच किंमत ठरवा.

हे विमान ज्यांच्या हातून बनलं त्यांचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. याची धडं ऑस्ट्रियातल्या 'बर्गक्रिस्टाल' या भुयारी कारखान्यात नाझींच्या गुसेन छळछावणीच्या कैद्यांकडून करून घेतली. त्यातले हजारो जण मेले. मॉडेलसोबत माहितीची पाटी लावणार असाल तर त्यात हे लिहा.

पुढची तपासणी वजनाची. विमानाला पुढे नाकाखाली चाक आहे, त्यामुळे मॉडेल शेपटीवर बसायला टपलेलं असतं. तामिया या जपानी कंपनीच्या १:४८ किटमध्ये नाकात बसवायचं धातूचं वजन डब्यातच मिळतं. इतर किटमध्ये तोफांच्या कप्प्यात शिशाचे छर्रे मावतील का, हे धड चिकटवण्याआधी बघून घ्या.

शेवटी डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं. जुना डब्बा मुंबई-कोकणच्या दमट हवेत पडून असेल तर डिकॅलची पारदर्शक कड पिवळी पडलेली असू शकते, म्हणून पैसे देण्याआधी पाकीट उजेडात धरून पाहा. जर्मनीतल्या कायद्यामुळे अनेक किटमध्ये शेपटीवरचं स्वस्तिक नसतं किंवा दोन तुकड्यांत छापलेलं असतं, ते छपाईची चूक समजू नका. रंगासाठी कॅनबेराच्या युद्धस्मारकातल्या विमानाचे फोटो शोधा. त्याच्या अंगावर मूळ युद्धकाळातला रंग अजून टिकून आहे.