भाग न देता मूळ संख्या ओळखायची रीत

इंदूरला रामबागेत माझ्याकडे गणिताला येणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात, "काकू, एवढी मोठी संख्या मूळ आहे हे ठरवलं कसं?" ते विचारतात २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ या संख्येबद्दल. ल्यूक ड्युरांट यांनी ती २०२४ च्या ऑक्टोबरात शोधली, अंक ४,१०,२४,३२०. तिला भाग देत बसलं तर जन्म पुरणार नाही. ती ज्या कसोटीवर पक्की झाली ती मात्र वहीच्या अर्ध्या पानात मावते. पेन घ्याच, नुसतं वाचून हे कळत नाही.

१२७ तपासू, म्हणजे २ चा ७ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा. घात ७, म्हणून हे त्याहून दोनने कमी, पाच वेळा करायचं. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर नाही.

१२७ ने भागायचंही टाळता येतं. १२८ ने भागा आणि भागाकारात बाकी मिळवा. बेरीज १२७ च्या वर गेली तर १२७ काढून टाका.

४ चे झाले १४. १४ चे १९४. त्यात १२८ एकदा, उरले ६६, मिळून ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७. पस्तीस वेळा जाऊन ७ उरले, म्हणजे ४२. ४२ चे १७६२. तेरा वेळा, उरले ९८, म्हणजे १११. आता १११ चा वर्ग १२३२१, वजा २, १२३१९. शहाण्णव वेळा, उरले ३१. ९६ आणि ३१ किती? १२७! म्हणजेच शून्य. ही शेवटची बेरीज मी फळ्यावर कधीच करत नाही, मुलांनाच करू देते.

घात मात्र स्वतः विषम मूळ संख्या हवा. तेवढं पुरेसं नाही, हे २०४७ दाखवते. घात ११, फेऱ्या नऊ, शेवटी उरतात १७३६. संख्या मूळ नाही हे नक्की झालं, पण तिला कोण भागतं याचा पत्ताच नाही! मला या कसोटीतलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं. भाजक वेगळा शोधावा लागतो, आणि तो २२ च्या, म्हणजे घाताच्या दुपटीच्या, पटीत १ मिळवूनच येतो. पहिलाच २३ लागू पडतो: २३ × ८९.

फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ ठरवली, तीही हातानं. या कसोटीला आजचं सुटसुटीत रूप पुढे अमेरिकन गणितज्ञ डेरिक लेमर यांनी दिलं.

आता ८१९१ तुम्ही करा. घात १३, फेऱ्या अकरा, भागायचं ८१९२ ने. सातव्या फेरीला ३६ आले की बिनधास्त पुढे जा. नसतील तर पाचव्या फेरीत ५९७० आले होते का ते आधी बघा.