बाळंतपणासोबत बीपी संपलं, असं धरून चालू नका: या चुका टाळा

"बाळ झालं की बीपी आपोआप उतरतं," असं गरोदरपणी बीपी चढलेल्या प्रत्येक बाळंतिणीला सांगतात. ते अर्धंच खरं आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी बरेचदा पुन्हा चढतं, आणि नेमकी तेव्हाच बाई डिस्चार्ज घेऊन माहेरी आलेली असते. डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, उजव्या बरगडीखाली दुखतं, धाप लागते. घरचे म्हणतात, "कान बांधले नाहीस, वारं लागलं." कृपा करून आधी बीपी मोजा. 160/110 किंवा जास्त आलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. आकडा कमी असला तरी असा त्रास असेल तर डॉक्टरांना दाखवाच. हा धोका सहा आठवडे राहतो, सव्वा महिना होऊन गेल्यावरही काही दिवस.

मोजतानाही घाई होते. बाळाला पाजता पाजता पट्टा बांधला तर आकडा चुकतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात छातीच्या पातळीवर ठेवा, बोलू नका.

गोळ्या दूध पाजायचं म्हणून परस्पर बंद करू नका. स्तनपानात चालणाऱ्या गोळ्या आहेत, डॉक्टरांना विचारा.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बाळंतपणाची फाईल विसरणं. माझ्या बहिणीची फाईल माहेरच्या ट्रंकेत बाळाच्या झबल्यांखाली दहा वर्षं पडून होती. अडतिसाव्या वर्षी बीपी 150/100 निघालं. "गरोदरपणी होतं का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा कुठे तिला आठवलं.

प्रीएक्लाम्पसिया, म्हणजे विसाव्या आठवड्यानंतर चढलेलं बीपी आणि बहुधा लघवीतून जाणारं प्रोटीन, झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2011 मध्येच याची नोंद स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमींत केली. आपल्याकडे मात्र छातीत दुखलं की "ॲसिडिटी असेल" म्हणून बायका ओवा चघळत बसतात.

म्हणून वर्षातून एकदा बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. तिशीनंतर बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारा. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत मागचं बीपी सांगा. प्रीएक्लाम्पसिया पुन्हा होऊ नये म्हणून बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात. आणि आज ट्रंक उघडून डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.